साप डूख धरतो म्हणून मारावा, असे सांगणाऱ्या संदेशाविषयी

पावसाळा सुरू झाल्यापासून खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या आसपासच्या गावांत मोबाइलवर एक संदेश फिरत आहे. जिवंत सोडलेला साप डूख धरतो; धामण ही नागाची मादी असून गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते; सर्पदंश झाल्यास वरच्या बाजूला दोरीने घट्ट आवळावे; आणि चावलेला साप मारून दवाखान्यात नेल्याशिवाय योग्य इंजेक्शन मिळत नाही, अशी चार विधाने त्यात आहेत. चारही चुकीची आहेत, आणि शेवटच्या दोन विधानांनी माणसाचा जीव जाऊ शकतो.

डूख धरणे हा वाक्प्रचार मराठीत इतका मुरला आहे की त्यामागची समजूत तपासावी असे कुणाला वाटत नाही. माणूस लक्षात ठेवून त्याचा सूड घेण्याइतका सापाचा मेंदू विकसित नसतो. एक साप मारल्यावर त्याच जागी दुसरा दिसतो, हा अनुभव मात्र खोटा नाही. मिलनाच्या काळात नर मादीच्या गंधाचा माग काढत येतो. शिवाय गोठ्यालगत जळणाचा ढीग आणि धान्याभोवती उंदीर असतील, तर एक साप गेला तरी दुसरा येणारच. जागा स्वच्छ ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. काठी घेऊन सापाच्या जवळ जाण्यात दंशाचा धोका उलट वाढतो.

धामण आणि नाग यांची कुळेच वेगळी आहेत आणि दोन्हींत नर-मादी असतात. नाग-धामणीचे मीलन म्हणून लोक जे पाहतात, ती बहुधा दोन नर धामणींची झुंज असते. सापाचे दात अणकुचीदार व आत वळलेले असल्याने त्याला सड चोखताच येणार नाही. भाताच्या बांधांत बिळे करणाऱ्या उंदरांवर जगणारी ही बिनविषारी धामण शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने मारावी, याचे मला फार दुःख होते.

घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा थांबून हात किंवा पाय कायमचा निकामी होऊ शकतो. जखमेवर चिरा देऊ नयेत, अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि १०८ वर फोन करून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

चौथे विधान सर्वांत घातक आहे. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे काम करते. त्यामुळे लस देण्यासाठी मेलेला साप लागत नाही. तो शोधण्यात जाणारा अर्धा तास, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलातील वाड्यांवरून निघणाऱ्या रुग्णासाठी, अतिशय मोलाचा असतो. शिवाय नुकत्याच मेलेल्या सापाचे डोके काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली, ती या प्रश्नाचे गांभीर्य ओळखूनच.

मण्यार बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी वेदना वा सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. तोवर साप केव्हाच निघून गेलेला असतो, आणि डॉक्टर या लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात.