डॉल्फिन हा मासा नव्हे

डॉल्फिन हा मासा नव्हे. हे वाक्य मी आजवर लग्नाच्या पंगतीत, केशकर्तनालयात, सासुरवाडीच्या ओटीवर आणि एकदा तर दहाव्याच्या घाटावरही म्हटलं आहे. (तिथे विषय मी काढला नव्हता.) म्हणावंच लागतं. 'अजूबा' या हिंदी चित्रपटाचं नाव निघालं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "तोच ना, ज्यात अमिताभची आई मासा असते?"

मग मी सुरू होतो. मासा नव्हे, सस्तन प्राणी. फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. पिल्लू अशक्त असेल तर आई त्याला खालून रेटत पाण्याच्या वर आणते, श्वास घेता यावा म्हणून. आता अशा बाईने बुडणारं बाळ उचललं, तर त्यात जगावेगळं काय झालं? इथवर मी पोचतो, तोवर समोरचा वाढप्याला जिलबीसाठी हाक मारत असतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (म्हणजे बहुतेक सगळ्यांसाठी) : बहारिस्तानच्या सुलतानाचं बाळ दुष्ट वजिराच्या कारस्थानापायी समुद्रात पडतं, डॉल्फिन ते वाचवते, लोहार वाढवतो आणि मोठेपणी ते काळा मुखवटा लावून गरिबांचा कैवारी होतं. वजीर अमरीश पुरी, त्यामुळे कारस्थानात कसर राहिलेली नाही. चित्रपट आला एप्रिल 1991 मध्ये. दिग्दर्शक शशी कपूर, सोव्हिएत रशियाची भागीदारी, तिकडून दिग्दर्शनाला गेन्नादी वासिल्येव. समीक्षकांनी सोलून काढला, पैसा बुडाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत संघही विसर्जित झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, हे मी मेहुण्याला स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

हा मेहुणा 'जुनून' आणि 'कलयुग'चं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतो. मग बाबा रे, त्यांचा निर्माता कोण? हाच शशी कपूर! इकडून तिकडे धावत दिवसाला दोन-दोन तीन-तीन शूटिंगं करायचा. थोरला भाऊ राज कपूर त्याला 'टॅक्सी' म्हणायचा. त्या भाड्यातून आलेले पैसे त्याने शहाण्यांच्या चित्रपटांत घातले आणि बरेचसे घालवले. अखेर स्वतः दिग्दर्शनाला बसला तेव्हा म्हणाला असेल, शहाण्यांचं पुष्कळ केलं, आता थोडं पोरांचं करू. माझं एवढंच म्हणणं आहे. पण एवढंच म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

काही ठिकाणी मलाही माघार घ्यावी लागते, नाही असं नाही. शम्मी कपूरचा जन्म 1931 चा, अमिताभचा 1942 चा. चित्रपटात हे बाप-लेक. बायकोने हा हिशेब भाजीवाल्याकडच्या पिशवीवर मांडून दाखवला. "अहो, अकराव्या वर्षी?" म्हणाली. मी म्हटलं, सुलतानांचं लवकर होतं. पण आवाजात जोर नव्हता.

भाचा पुण्यात ॲनिमेशन शिकतो. त्याच्यापुढे मी मोठ्या हौसेने एक तुकडा लावला. त्याने चेहऱ्याला बाम लावल्यासारखे डोळे मिटले. "मामा, चित्रावर चित्र चिकटवलंय, कडा दिसतायत रे कापलेल्या." अरे, दिसणारच! कापल्या तर दिसणार नाहीत? तुझ्यासारखं खुर्चीत बसून, चहा पीत, चूक झाली की मागे जाण्याची सोय होती का तेव्हा? पण हा मुलगा पुढे मे महिन्यात आमच्याबरोबर दापोलीजवळ कर्द्याला आला. सकाळी सातला सगळं कुटुंब नारिंगी जाकिटं घालून होडीत बसलं. अर्धा तास नुसतंच पाणी. मग लांबवर एक करडी पाठ वर आली, फुस्स झालं, आणि हा पठ्ठ्या होडीत उभा राहून ओरडला, "मामा, नमस्कार कर, आई आली!" होडीवाल्यासकट सगळे हसले. माझी खरी आई समोरच्या फळीवर जाकीट आवळून बसली होती. ती हसली नाही.

आईवर माझी फार भिस्त होती. ती श्रावणात नवनाथांची पोथी वाचते. मच्छिंद्रनाथांचा जन्म कुठला? माशाच्या पोटचा. शकुंतलेची अंगठी कुठे सापडते? माशाच्या पोटात. आमच्या घरात मासे इतकी कामं करून गेलेत, आणि डॉल्फिनने एक पोर सांभाळलं तर काय हरकत आहे? हे मी आईपुढे मांडलं. ती म्हणाली, "पोथीत अमिताभ नाही." खटला निकाली.

खरं सांगायचं तर माझ्या वकिलीत एक बारीक भोक आहे. 'अजूबा' आला त्याच वर्षी गणपतीत आमच्या कराडच्या वाड्याने वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता. तीन कॅसेटी. पहिली म्हाताऱ्यांसाठी देवाची, दुसरी बायकांसाठी रडायची, तिसरी आम्हा पोरांची. आमची लागली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. यंत्राबरोबर आलेला माणूस त्याच्यावरच डोकं टेकून घोरत होता. चित्रात मुंग्या, सुलतानाच्या तोंडावर एक पांढरी रेघ. तरीही मी आयुष्यात तितका जागा कधी नव्हतो. आणि वजीर शेवटचा डाव टाकायला सरसावला, तोच लाईट गेली. समोरच्या गल्लीत दिवे होते, पण आमची फेज तेव्हा अशीच जायची. पोरांनी वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडली. सकाळी सहाला तो माणूस यंत्र काखोटीला मारून चालता झाला.

वर्गात 'अजूबा' पाहिलेला मी एकटाच. शेवट तर सांगायलाच हवा होता. मी सांगितला : डॉल्फिन किल्ल्याच्या खंदकातून वर येते आणि वजिराला पागोट्यासकट गिळते. मधल्या सुट्टीत तीन वेळा सांगावा लागला. पुढे वर्षानुवर्षं मी भांडत आलो ते या शेवटाच्या जिवावर. खरा शेवट मी पाहिला तो पस्तिशी उलटल्यावर, आणि माझाच बरा होता. हे मेहुण्याला कळता कामा नये.

गेल्या रविवारी पावसाने सगळ्यांना घरात अडकवलं, तेव्हा मी निर्धाराने 'अजूबा' लावला. मेहुणा पाच मिनिटांत आडवा झाला. भाचा कडा मोजत होता. आई खाली सूप घेऊन बिरड्याचे वाल निवडत होती, मान वर न करता. पडद्यावर वजिराने शेवटचा डाव टाकला, अवाढव्य सैतान चालू लागला. मी म्हटलं, "आई, इथेच, अगदी इथेच फेज गेली होती बघ."

"फेज कुठली जातेय," आई म्हणाली. "मीच मेन स्विच खाली ओढला होता. अडीच वाजले होते. सकाळी शाळा होती तुझी."

आणि तिने एक किडका वाल बाजूला काढून सूप माझ्याकडे सरकवलं.