अनामतीचे पेले

हंगेरीतल्या जत्रांवर लिहिणारे घोड्यांवर लिहितात, भरतकामाच्या झग्यांवर लिहितात. मी पेल्यांवर लिहिणार आहे, कारण घोडे तिथेच राहिले आणि पेले माझ्या ओट्यावर येऊन बसले.

आमच्या डेब्रेत्सेनमध्ये जत्रेत सरबत घ्या नाहीतर वाइन, पेल्याची अनामत वेगळी. पेला परत करा, पैसे घ्या. योजना इतकी सोज्वळ की तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. फक्त पेले परत घेणारी खिडकी मैदानाच्या त्या टोकाला असते, आपली ट्राम या टोकाला, आणि मधे एवढी रांग की तीत उभ्या उभ्या पुन्हा तहान लागावी. शिवाय या जत्रेचा पेला त्या जत्रेत चालत नाही.

नवरा चाकणहून इथल्या कारखान्यात आलेला, हिशेबाला चोख. पेला टाकू देत नाही, कारण ‘आपले पैसे अडकलेत त्यात’. रांगेतही उभा राहत नाही, कारण ‘तेवढ्यासाठी कोण ताटकळणार’. या दोन तत्त्वांच्या कात्रीत माझं स्वयंपाकघर सापडलं आहे.

आमचं वर्ष फेब्रुवारीत मोहाचला सुरू होतं. गाव देशाच्या दुसऱ्या टोकाला, डॅन्यूबच्या काठी. तिथे हिवाळ्याला हाकलायला बुशो निघतात. लोकर बाहेरच्या बाजूला केलेलं मेंढीचं कातडं अंगावर, कमरेला गुरांच्या घंटा, तोंडावर शिंगांचा लाकडी मुखवटा. 2009 मध्ये युनेस्कोनं ही परंपरा वारशाच्या यादीत घेतली. बायकांची छेड काढणं हा त्या वारशाचाच भाग, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी गरम वाइनचा पेला घेऊन उभी. मागून घंटांचा खणखणाट आला, एका केसाळ हातानं माझी टोपी उचलून दुसऱ्याच बाईच्या डोक्यावर ठेवली आणि मूठभर पीठ माझ्या केसांत घातलं. ओल्या लोकरीचा असा भपका आला की डोळ्यांत पाणीच आलं. वाइन माझ्या बाहीतून कोपरापर्यंत पोचली. नवरा गर्दीतून ओरडला, “पेला धर, पेला!”

ईस्टरच्या सोमवारी पेल्यांना सुट्टी. त्या दिवशी पुरुष घरोघरी जाऊन बायकांवर कविता म्हणत अत्तर शिंपडतात आणि रंगवलेलं अंडं घेऊन जातात. शेजारच्या आजोबांचं अत्तर बहुधा जुन्या कम्युनिस्ट राजवटीतल्या कादारच्या काळातलं असावं. दोनदा न्हाऊनही गेलं नाही.

खरा हंगाम उन्हाळ्यात. जुलैमध्ये शहराच्या उत्तरेच्या जंगलात काम्पुस नावाचा संगीताचा धुडगूस असतो. आपण वयानं तिथले नाही हे गेटवरच कळतं, तरी पेला मिळतो. मग 20 ऑगस्ट. राजा इश्तवानचा दिवस, राष्ट्रीय सण. त्या दिवशी आमच्याकडे 1966 पासून फुलांची मिरवणूक निघते. रथच्या रथ फुलांनी मढवलेले, पुढेमागे बँड आणि नाचणारी पोरं. बघण्यासारखी असते, मी दरवर्षी भक्तिभावानं उन्हात उभी राहते. पण दुकानं बंद, रस्ते बंद, त्यामुळे पाणी फक्त जत्रेतलं. म्हणजे पुन्हा पेला.

त्याच सुमारास होर्तोबाजच्या माळावर पुलाची जत्रा भरते. एकोणिसाव्या शतकातला नऊ कमानींचा दगडी पूल, चाबूक कडाडवणारे घोडेस्वार, कढईत रटरटणारा गुयाश. मी शाकाहारी, म्हणून लांगोशच्या रांगेत. तळलेल्या गरम पोळीवर लसणाचं पाणी, घट्ट आंबट साय, वर किसलेलं चीज. एका हातात ते, दुसऱ्या हातात पेला. साय मनगटावरून ओघळते आणि ती पुसायला तिसरा हात हंगेरियन लोकांना असतो, आपल्याला नाही.

तेवढ्यानं भागलं नाही म्हणून 2024 पासून सरकारनं बाटल्यांवरही 50 फोरिंटची अनामत लावली. आता दुकानातल्या यंत्रात रिकाम्या बाटल्या एकेक करून घालायच्या. चेपलेली बाटली यंत्र घेत नाही. म्हणजे कचरा चेपून टाकावा ही आईची आयुष्यभराची शिकवण वाया. घरात आता कचरा उरलेलाच नाही, सगळी ठेवच.

नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या दिवशी नवी वाइन येते, तिचे पेले आले. डिसेंबरात कोशुत चौकात मोठ्या चर्चसमोर नाताळबाजार लागला आणि चिनी मातीचे मग आले. हे मात्र इतके गोंडस की परत करायला मलाच जीवावर आलं. नवऱ्यानं एवढंच विचारलं, “मग मी काय वेगळं सांगत होतो?” ज्या बाईचं तूरडाळ मापायचं, पोहे मापायचं, कोथिंबीर ठेवायचं भांडं जत्रेतलं आहे, तिनं यावर काय बोलावं?

जानेवारीत आम्ही पुण्याला जायचं ठरलं. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना माझ्या मागची फळी दिसली.

“अगं, एवढे पेले कसले?”

“जत्रेतले. ठेवायला जागा नाही हो.”

“मग इकडे आण की. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटू. परदेशी म्हटल्यावर वाड्यातल्या सगळ्या येतील.”

मी हरखले. नवऱ्यानं मोबाइल स्वतःकडे वळवला.

“आई, चालेल. पण बायकांकडून अनामत घेऊन ठेव.”