तोराचं वाचन थांबवणारा माणूस

"सिनेगॉगमध्ये तेफिला (प्रार्थना) करावी, न्याय-अन्यायाच्या गोष्टी बाहेर ठेवाव्यात." हल्ली आपल्याच माणसांकडून हे वरचेवर ऐकू येतं. मला ते पटत नाही. बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) म्हणून तर मुळीच पटत नाही.

मध्ययुगात युरोपातल्या ज्यू वस्त्यांमध्ये एक रीत होती. ज्याच्या तक्रारीची कुणी दाद घेत नसे, त्याला भर सिनेगॉगमध्ये उठून तोराचं (ज्यूंच्या पवित्र ग्रंथाचं) वाचन अडवता येई. सेफेर (तोराची गुंडाळी) वाचायची वेळ झालीय, सगळी जमात जमलीय, आणि एक साधा माणूस म्हणतोय, आधी माझं ऐका. तोपर्यंत देवाचं वचनसुद्धा थांबायचं! याला कुणी पाखंड म्हटलं नाही. उलट हा हक्क कधी आणि कसा वापरायचा, याचे नियम घालून दिले.

आणि का नाही घालणार? आपला मूळपुरुष आब्राहाम तर देव नष्ट करायला निघालेल्या सदोम नगरासाठी खुद्द देवाशी वाद घालतो. "सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?" पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचव, इथपासून सुरुवात करून दहापर्यंत तो देवाला खाली आणतो. पुतण्या लोट तिथे राहत होता हे खरं, पण त्याने रदबदली केली ती अख्ख्या नगरासाठी. तालमूद (ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ) तर स्पष्टच सांगतं: घरच्यांना, गावाला, जगाला रोखणं ज्याला शक्य होतं आणि ज्याने रोखलं नाही, त्यांच्या पापाचा जाब त्यालाही द्यावा लागेल.

आपल्या वाडवडिलांनी हे जगून दाखवलं. 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कार्यालयाने फर्मान काढलं: बेने इस्राएलचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. कोकणात शतकानुशतकं शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांच्या, म्हणजे आपल्याच, लेकरांकडे ज्यू असल्याचा पुरावा मागितला! 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. त्यांनी धर्म सोडला नाही आणि मानही तुकवली नाही. 17 ऑगस्ट 1964 ला क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. पुढे त्या फर्मानातून आपलं नाव काढावं लागलं.

1985 मध्ये तीच वेळ इथिओपियाच्या ज्यूंवर आली. लग्नाआधी विधी करून शुद्ध व्हा, असं त्यांना सांगितलं गेलं, आणि तेही जेरुसलेमला धरण्याला बसले. त्यांच्या ज्यूपणावर आजही कुणी शंका घेतली, तर पहिला आवाज आपल्या सिनेगॉगमधून उठायला हवा. तोही शब्बाथला, सगळी जमात समोर असताना.