‘नवी मुंबई इंजिनिअरांनी बांधली’ : एका फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. यंदा तीनदा आला, तिसऱ्यांदा तर खुद्द सेक्रेटरींकडून. मजकूर थोडक्यात असा : ‘नवी मुंबई इंजिनिअरांनी बांधली, इतिहास-तत्त्वज्ञानवाल्यांनी नाही. लिबरल आर्ट्स म्हणजे गणिताला घाबरणाऱ्यांची सोय. वर हे पाश्चात्त्य फॅड. नोकरी तर नाहीच. विद्यापीठाने पहिल्या दिवसापासून फक्त कामाचं शिकवावं.’

मी स्वतः इंजिनिअर आहे, महापेला नोकरी करतो. तेव्हा ही पोटदुखी समजू नये. लिबरल आर्ट्स म्हणजे एकाच धंद्यापुरतं नसलेलं, इतिहास, भूगोल, तत्त्वज्ञान, गणित असे विषय एकत्र शिकवणारं शिक्षण.

आधी नवी मुंबई. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. पटेल इंजिनिअर, बाकी दोघं वास्तुरचनाकार. १९६५ साली ती सविस्तर छापून आली कुठे, तर ‘मार्ग’ या कलेला वाहिलेल्या नियतकालिकात. संपादक मुल्कराज आनंद, म्हणजे चक्क कादंबरीकार! १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. पुढचे रस्ते-पूल इंजिनिअरांनीच केले, कबूल. पण घोडं अडलं ते पुलापाशी नाही, जमिनीपाशी. ९५ गावांच्या जमिनीचा प्रश्न होता. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर जमीन गेलेल्यांना तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्याचं शेत गेलं त्याचं शहर काय देणं लागतं, हे काँक्रीटच्या हिशेबात कुठे बसवणार?

हा प्रश्न जुना झाला असं वाटत असेल, तर आमच्या ऑफिसातली गोष्ट सांगतो. आम्ही एक ऑनलाइन फॉर्म बनवत होतो. पत्त्यात ‘सेक्टर’ आणि ‘प्लॉट नंबर’ भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. आम्हा सात इंजिनिअरांना त्यात काही खटकलं नाही. सगळे सेक्टरात राहणारे. टेस्टिंगला नवी आलेली, भूगोल घेऊन बीए झालेली मुलगी म्हणाली, “सर, गावठाणातल्या माणसाने इथे काय लिहायचं? आमच्याकडे पत्ता म्हणजे मारुतीच्या देवळामागे, अमक्याच्या वाड्याशेजारी.” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोड बरोबर होता, फॉर्म चूक होता. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. चूक दिसायलाच आम्हाला दोन महिने कमी पडले होते.

गणिताला घाबरण्याचं म्हणाल, तर मध्ययुगीन युरोपात ज्यांना लिबरल आर्ट्स म्हणत त्या सात विषयांत अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र होतं. आपल्याकडे इतिहासकार दामोदर कोसंबी मूळचे गणिती. प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावून त्यांनी इतिहास वाचला. आणि ऐरोलीचा पूल ओलांडून पवईला जा : आयआयटीत बीटेकच्या मुलांनाही मानव्यविद्यांचे विषय घ्यावे लागतात. ती मुलं काय गणिताला घाबरतात?

‘पाश्चात्त्य फॅड’वाल्यांना हल्ली बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या ६४ कला ऐकवायची पद्धत आहे, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही त्या आहेत. मला त्यात फार राम वाटत नाही. त्या कला कुणाच्या वाट्याला येत होत्या, हेही विचारावं लागेल. त्यापेक्षा महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन वाचा. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात त्यांनी हिशेब आणि शेतीचं ज्ञान मागितलंच, पण त्याच यादीत इतिहास, भूगोल, व्याकरण आणि नीतीचे धडेही मागितले. कामाचं शिक्षण आणि माणूस म्हणून शिक्षण अशा दोन रांगा त्यांनी लावल्या नाहीत.

राहिली नोकरी. इथे फॉरवर्डमध्ये तथ्य आहे. बीए झालेल्याला पहिला पगार बहुधा कमीच मिळतो, आणि ज्या घरात हप्ते चालू आहेत तिथे जाऊन तत्त्वज्ञानाची थोरवी सांगण्याची माझी हिंमत नाही. म्हणून तर मी ‘सगळ्यांनी आर्ट्सला जा’ म्हणत नाही. इंजिनिअरिंग-कॉमर्सच्या पोरांनाही पहिली एक-दोन वर्षं लिबरल आर्ट्सचा पाया मिळावा, एवढंच म्हणतो. अट एकच, तो नीट शिकवला जावा. बऱ्याच कॉलेजांत वर्षभर गाइड आणि शेवटच्या आठवड्यात नोट्स, एवढ्यावर बीए उरकतं, हे खरंय. पण इंजिनिअरिंगची चार वर्षं मीही काढली आहेत. झेरॉक्सवाल्यापुढची रांग दोघांची एकच असायची.