टॉमकॅटला कौल कसा लावावा

आंब्याच्या ऐन हंगामात रत्नागिरीतील एखाद्या बागायतदाराच्या पेट्यांची नोंदणी करणारे ॲप्लिकेशन सकाळी उघडले नाही, आणि ते ज्यावर चालते त्या टॉमकॅटची, म्हणजे जावातली वेब ॲप्लिकेशने चालवणाऱ्या सर्व्हरची, जबाबदारी आपल्याकडे असली, तर पहिले पथ्य हे पाळावे की लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो ती नोंदवही, उघडू नये. लॉगमध्ये कारण लिहिलेले सापडण्याचा मोठा धोका असतो. कारण सापडले की दुरुस्ती चहा निवायच्या आत उरकते, आणि मग बागायतदाराला बिल कशाचे लावायचे हा प्रश्न उभा राहतो.

लॉगऐवजी रीस्टार्टचा मार्ग धरावा. आपल्या कोकणात अडल्या कामी ग्रामदेवतेला कौल लावण्याची रीत आहे. गुरव गाऱ्हाणे घालतो आणि उजवी पाकळी पडते की डावी, याची सगळे वाट पाहतात. टॉमकॅटही तसाच बंद करून चालू करावा आणि डावा कौल आला तर पुन्हा करावा. मात्र गुरवाची एक सवय आपण कटाक्षाने टाळावी. तो एका वेळी एकच प्रश्न विचारतो आणि मिळालेले उत्तर मानतो. आपण दोन रीस्टार्टच्या मध्ये पोर्ट (सर्व्हर ज्यावर ऐकतो ते क्रमांकाचे दार), मेमरी, डेटाबेसचा पासवर्ड आणि फोल्डरच्या परवानग्या असे सगळे एकदम बदलावे, म्हणजे सर्व्हर चुकून सुरू झालाच तरी तो कशामुळे सुरू झाला, हे कोणालाही सांगता येणार नाही.

रात्री लाइट जाऊन परत आली असेल, तर एक सुंदर संधी चालून येते. मशीन आपोआप सुरू होते, त्याबरोबर सर्व्हिस म्हणून नोंदवलेला टॉमकॅटही सुरू होतो, आणि आपण ऑफिसात येऊन सवयीने स्टार्टअपची स्क्रिप्ट हाताने आणखी एकदा चालवतो. स्क्रीनवर ‘टॉमकॅट स्टार्टेड’ असे उमटते. या दोन शब्दांवर पूर्ण विश्वास ठेवावा. स्क्रिप्टने प्रोसेस सोडून दिली, एवढाच त्यांचा अर्थ असतो, पुढे तिचे काय झाले याच्याशी त्यांचा संबंध नसतो. दुसऱ्या टॉमकॅटला ८०८० हे पोर्ट मिळत नाही, कारण पहिला तेथे आधीच बसलेला असतो, आणि तशी स्वच्छ तक्रार तो लॉगमध्ये लिहितो. ती न वाचता सर्व्हर.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये ८०८० चे ८०८१ करावे. आता दुसरा टॉमकॅट उठतो, ॲप्लिकेशन लोड करतो आणि सगळे झाल्यावर आपण होऊन खाली बसतो, कारण बंद करण्याचा हुकूम ऐकण्यासाठी त्याला ८००५ हे पोर्टही लागते आणि तेही पहिल्याकडेच असते. इतक्या जवळ येऊन हुकलेला सर्व्हर पाहताना जी हुरहूर वाटते, ती पोर्ट कोणत्या प्रोसेसने धरले आहे हे एका कमांडने पाहणाऱ्या अरसिकाला कधी कळायची नाही.

कोणी वरिष्ठ मागे उभे राहिल्यामुळे लॉग उघडावाच लागला, तर तो चुकीचा उघडावा. कॅटलिना.आउट या फाइलमध्ये पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते की एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, सविस्तर माहिती संबंधित कंटेनरच्या लॉगमध्ये मिळेल. ती माहिती शेजारीच, लोकलहोस्ट नावाने सुरू होणाऱ्या आणि तारीख लावलेल्या फाइलमध्ये पडलेली असते. तिकडे वळू नये. तेथेही कोणी नेलेच, तर वरच्या दोन ओळी मोठ्याने वाचून ‘जावाचाच प्रॉब्लेम दिसतोय’ असे म्हणावे. सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’पर्यंत मात्र उतरू नये, कारण डेटाबेसचा ड्रायव्हर लिब फोल्डरमध्ये नाही यासारखी क्षुल्लक गोष्ट बहुधा तेथेच नावानिशी सांगितलेली असते. तोवर ग्राहकाला ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, दिसत राहील. ॲप्लिकेशनच उभे राहिले नाही असा त्याचा अर्थ असला, तरी आपण बागायतदारास फोनवर ‘तुमच्याकडे नेट स्लो आहे काय?’ असे विचारावे. गावाकडच्या नेटवर काहीही ढकलले तरी कोणी हरकत घेत नाही.

मशीनवर जावाच्या तीन आवृत्त्या असाव्यात. टर्मिनलमध्ये विचारले असता १७ असे उत्तर मिळावे आणि सर्व्हिसची जावा ठरवणाऱ्या जावा-होम या सेटिंगमध्ये मात्र ८ असावी. मग १७ साठी तयार केलेला क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, ८ वर चढवला की टॉमकॅट म्हणतो, ही फाइल ६१ आवृत्तीची आहे आणि मला ५२ पर्यंतच्याच समजतात. हे आकडे मुळात जावाच्या आवृत्त्यांचेच आहेत (६१ म्हणजे १७ आणि ५२ म्हणजे ८), हे ध्यानात न घेता आपण ६१ आणि ५२ यांचा शोध टॉमकॅटच्या आवृत्त्यांत घ्यावा. त्यात एक दुपार सहज जाते. बिन फोल्डरमधली व्हर्जनची स्क्रिप्ट चालवणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे टॉमकॅटला कोणती जावा मिळेल ते सांगते, पण ती त्या बिचाऱ्या सर्व्हिसच्या नव्हे, तर आपल्याच खात्यातून चालवावी, म्हणजे तीही १७ च सांगेल.

बॅकअपबाबत हयगय नको. नवी वॉर फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनचे गाठोडे, टाकण्यापूर्वी जुन्या ॲप्लिकेशनचा फोल्डर ‘बुकिंग-जुने’ या नावाने टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्येच ठेवावा. वेबॲप्समध्ये जे जे दिसेल ते ते ॲप्लिकेशन समजून सुरू करणे हा टॉमकॅटचा स्वभाव आहे. त्यामुळे नवे आणि जुने दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात, दोघांतले ठरावीक वेळी चालणारे काम आपापल्या वेळी चालते, आणि वाशीच्या व्यापाऱ्याला एकाच पेटीचे दोन एसएमएस जातात. दोन पेट्या समजून त्याने पैसे पाठवले, तर तो त्याचा मोठेपणा.

पावतीवर ‘हापूस’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे आली, तर फॉन्ट बसवावा. पुन्हा आली तर दुसरा फॉन्ट बसवावा. प्रश्नचिन्ह याचा अर्थ अक्षर लिहितानाच हरवले, बहुधा जेएसपीने (पान तयार करणाऱ्या फाइलने) किंवा डेटाबेसच्या कनेक्शनने देवनागरी न मावणारे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, धरले. आणि रोमन अक्षरांचा चमत्कारिक खिचडा दिसला, तर बाइट शाबूत असून वाचणाऱ्याने चुकीचे वाचले. टॉमकॅट ८ पासून ब्राउझरच्या पत्त्यातला मजकूर मुळातच देवनागरी मावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये धरला जातो, फॉर्ममधून आलेल्या मजकुरासाठी मात्र टॉमकॅट ९ पर्यंत एन्कोडिंग वेगळे सांगावे लागते. हा भेद कळला की फॉन्ट बसवण्यात मन रमत नाही, म्हणून तो कळू देऊ नये.

सुरक्षेवर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. फाइलच्या परवानगीची अडचण आली की ७७७ द्यावे, म्हणजे सगळ्यांना सगळे खुले होते. ८० हे पोर्ट हवे असेल तर पुढे प्रॉक्सी (विनंत्या आत पोचवणारा मधला सर्व्हर) वगैरे न ठेवता अख्खा टॉमकॅट रूट, म्हणजे सर्वाधिकारी खाते, म्हणून चालवावा. ८००९ वरचा एजेपी कनेक्टर, म्हणजे पुढच्या वेब सर्व्हरशी बोलण्याचे दार, २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने गाजलेल्या सुरक्षेच्या त्रुटीनंतर मुळातच कॉमेंट करून, म्हणजे बंद ठेवून, येऊ लागला; कॉमेंट दिसली की ती काढावी, बंद दार बरे दिसत नाही.

राहता राहिली आवृत्ती बदलण्याची वेळ. पावसाळ्यात चार महिने पेट्या नसतात, तेव्हा हे काम काढू नये. एप्रिलमध्ये, गाड्या भरत असताना, टॉमकॅट ९ वरून थेट १० वर जावे. १० मध्ये सर्व्हलेटच्या, म्हणजे ॲप्लिकेशन ज्यांवर बांधलेले असते त्या जावाच्या भागांच्या, पॅकेजांचे जावाएक्स हे नाव जाऊन जकार्ता आले, त्यामुळे जुने ॲप्लिकेशन आपलेच क्लास शोधत फिरते. त्यासाठी मायग्रेशनचे साधन खुद्द टॉमकॅटवाल्यांनीच दिले आहे. आपण मात्र जुनी सर्व्हलेटची जार फाइल लिबमध्ये टाकून पाहावे. त्याच रात्री जावाही ८ वरून १७ वर न्यावी. आता जावाच उठणार नाही, कारण जावाचे पर्याय लिहिण्याच्या सेटएन्व्हच्या फाइलमध्ये पूर्वीच्या कोणीतरी परमजेन या मेमरीच्या जुन्या भागाच्या कमाल मर्यादेची ओळ लिहून ठेवलेली असते. परमजेन २०१४ मध्ये जावा ८ आली तेव्हाच गेला. ८ त्या ओळीबद्दल नुसती कुरकुर करत असे, १७ मात्र असा पर्याय ओळखत नाही असे सांगून तडक बाहेर पडते. त्या ओळीच्या वर ‘याला हात लावू नये’ अशी कॉमेंट असेल. सूचनेचा मान राखावा, ओळ जागच्या जागी ठेवावी आणि मर्यादा तेवढी दुप्पट करून पुन्हा रीस्टार्ट करावा.