कसलं चेंबर, गटाराचं?

घोडबंदर रोडला कॅन्सर सेंटर काढताय ना? मग आधी मशीन घ्या. लिनॅक, म्हणजे कॅन्सरवर किरणांचा मारा करणारं, पांढरंशुभ्र, काही कोटींचं. तीन हात नाक्यावर फ्लेक्स लावा, मध्ये मशीन, दोन्ही बाजूंना हात जोडलेले नेते. लॉबीत संगमरवर बसवा. हे सगळं उरकेपर्यंत फिजिसिस्टला, म्हणजे किरणांचा हिशोब ठेवणाऱ्याला, मीटिंगला बोलावू नका. त्या माणसाला एक वाईट खोड असते. मशीनमधून किरणांचा डोस किती पडतो ते मोजायचं कशानं, असं तो विचारतो.

विचारलंच, तर यादी मागा. यादीत पहिलंच नाव असेल आयनायझेशन चेंबर. परचेसवाले म्हणतील, कसलं चेंबर, गटाराचं? म्हणू द्या. बोटाएवढी कांडी, आत जेमतेम ०.६ घन सेंटिमीटर हवा, आणि त्या चिमूटभर हवेत किरणांमुळे जमलेल्या विद्युतभारावरून अख्ख्या मशीनचा डोस ठरतो, हे सांगत बसलात तर चहा गार होईल. ‘किरकोळ साहित्य’ या रकान्यात टाका, झाडू-फिनेलच्या खाली.

आता तीन कोटेशनं. ती तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर, पण एकाच चुकीच्या स्पेलिंगसह आली, तर शंका घेऊ नका. सगळ्यात कमी भाव असेल त्याला ऑर्डर द्या. फिजिसिस्ट कुरकुरेल की बारीक फील्डसाठी, म्हणजे किरणांच्या अरुंद झोतासाठी, बारीकच चेंबर लागतं, मोठं चालत नाही. त्याला विचारा, मोठं स्वस्तात मिळतंय तर बारकं महाग का घ्यायचं? भाजीवालीकडे आपण असं करतो का? अमेरिकेत मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला बारीक फील्ड मोठ्या चेंबरनं मोजलं होतं. २००४ ते २००९ या काळात ७६ रुग्णांना ठरल्यापेक्षा साधारण दीडपट डोस गेला. फ्रान्समध्ये तुलूजला मोजणारा डिटेक्टर असाच मोठा निघाला, तिथे १४५ रुग्ण. मशीन दोन्हीकडे ठणठणीत होतं बरं का. मशीन नेहमीच ठणठणीत असतं.

चेंबर एका कंपनीचं आणि त्यातला विद्युतभार मोजणारं इलेक्ट्रोमीटर दुसऱ्या कंपनीचं घ्या, म्हणजे पार्सल उघडल्यावर गंमत येते. एकाचं कनेक्टर टीएनसी, दुसऱ्याचं बीएनसी. घाबरू नका, पोराला लॅमिंग्टन रोडला पिटाळा. तो येताना टीव्हीच्या केबलीचं कन्व्हर्टर घेऊन येईल. इथे करंट नॅनोअँपिअरच्या, कधी पिकोअँपिअरच्या घरातला असतो, म्हणून केबल तीन पदरांची लागते, वगैरे वगैरे. घट्ट बसलं ना? मग झालं.

पेशंटच्या शरीराऐवजी ज्यात डोस मोजतात ते वॉटर फँटम म्हणजे शेवटी पाण्याची टाकीच. माशांच्या दुकानात काचेची मिळते, हवं तर वर दोन गोल्डफिश फुकट. पाण्यात १० सेंटिमीटर खोलीवर चेंबर धरायचं असतं. एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर आकडा चार-पाच टक्क्यांनी सरकतो. एवढं तर आपण दुधातही चालवून घेतो.

कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणारं यंत्र बरोबर मोजतंय का ते ताडून घेणं, हा आणखी एक ताप. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत चेंबर आणि इलेक्ट्रोमीटर नेऊन सर्टिफिकेट आणायचं. म्हणून सेट एकच घ्या. तो ट्रॉम्बेला गेला की इथे मोजणार कशानं, हा प्रश्न ज्याला पडतो त्यानंच सोडवावा. पाठवताना डबा बाइकवाल्याच्या मांडीवर द्या, सायन-पनवेल हायवेचे खड्डे बाकीचं बघून घेतील. आणि एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, सर्टिफिकेट दाखवायची वेळ आली की मागच्या खेपेचीच झेरॉक्स पुढे करा, तारखेवर अंगठा ठेवून.

बॅरोमीटर मात्र अजिबात घेऊ नका. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, म्हणून दाब आणि तापमान रोज नोंदवून दुरुस्ती करायची, हे फिजिसिस्टचं रडगाणं. मोबाइलवर हवामान खात्याचा दाब दिसतोच. ठाणं पडलं खाडीकाठी, इथे तो आकडा चालूनही जातो. मग आत्मविश्वास वाढला की पुण्याला शाखा काढा आणि तिथेही तेच ॲप वापरा. ॲपमधला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. पुणं साडेपाचशे मीटर उंच, तिथला खरा दाब त्याहून सहाएक टक्के कमी. चेंबरमधल्या विरळ हवेत विद्युतभार कमी जमतो, त्यामुळे मशीन डोस कमी देतंय असं वाटतं, मग तुम्ही ते वाढवून ठेवता, आणि पेशंट सहा टक्के जास्त घेऊन घरी जातो. बिलात ते लावता येत नाही, एवढंच काय ते नुकसान.

एवढ्यात फिजिसिस्टचा राजीनामा टेबलावर येईल. मंजूर करा. नवा माणूस घेताना तीन कोटेशनं मागवायला विसरू नका.