डेल्फीचं गाव, पन्हाळ्याचं घर

अथेन्सहून डेल्फीला बसने जायला जवळपास तीन तास लागतात. लिवादिया मागे पडलं की रस्ता पार्नासोस डोंगराच्या अंगावर चढू लागतो. अराखोवा गावात तर तो इतका चिंचोळा होतो की समोरून दुसरी बस आली तर एकीला थांबून वाट द्यावी लागते. आई खिडकीशी बसली होती. एका वळणावर म्हणाली, "पन्हाळ्याला जाताना वाघबीळचा घाट चढल्यासारखं वाटतंय बघ."

आईचं माहेर पन्हाळा. पायथ्याचं गाव नव्हे, गडावरचंच घर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागे परडं, आणि वळवाचा पाऊस पडून गेला की दरीतून थेट परड्यात येणारं धुकं. माझ्या शाळेतल्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या घरात गेल्या. मामा आजही तिथेच राहतो. मी चौदा वर्षं जर्मनीत आहे. आई तीन महिन्यांसाठी आली होती, म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघी ग्रीसला निघालो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. यादीत पन्हाळ्याचं नाव वाचून मला इकडे बसल्या जागी रडू आलं. दोन दिवसांनी मामाचा फोन आला. "गडाचं नाव झालं गं, पण आता आम्हाला उठवायचे नाहीत ना?" गडावरच्या बऱ्याच घरांत तेव्हा हाच प्रश्न होता. कुणालाही हलवणार नाही असं सांगण्यात आलं, तरी मामाने कौलं बदलायचं काम थांबवलं ते थांबवलंच.

आमच्या मावस-मामे भावंडांच्या ग्रुपवर मग वाद पेटला. एक बाजू म्हणते, गड मोकळे करा, युरोपात बघा कसे जपतात. दुसरी म्हणते, नुसती पडकी जोती जपून काय करायचं, महाराजांच्या वेळी होता तसा गड बांधून काढा. आणि दोन्हीकडून मला विचारतात, "तू तिकडे आहेस ना, मग तूच सांग." म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

डेल्फीत उतरलो आणि आधी कास्टालियाच्या झऱ्याकडे गेलो. प्राचीन काळी अपोलो देवाचा कौल मागायला येणारे यात्रेकरू इथे शुद्ध होऊन मग वर देवळाकडे जात. झऱ्याचं पाणी आता रस्त्याकडेला नळाला येतं. आईने हात-पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं. देवाकडे जाण्याआधी काय करायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. वर फेड्रिआडेसचे उभे कडे, खाली प्लाइस्टोसची दरी, दरीभर ऑलिव्हची झाडं आणि त्यांच्या टोकाला इतेआजवळ समुद्राची निळी पट्टी. या जागेला लोक पृथ्वीची नाभी का मानत असतील, हे तिथे उभं राहिल्यावर वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

पवित्र मार्ग वळणं घेत चढतो. आई सत्तरीची, तिने प्रत्येक वळणावर दम खाल्ला. दगडाला हात लावला की रखवालदार शिट्टी वाजवतात. दिवसभर त्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि मला त्यांचं बरंच वाटलं. आपल्याकडे बुरुजाबुरुजावर कोरलेली बदामं आणि नावं आठवली.

अपोलोच्या देवळाखाली एक लांबलचक भिंत आहे, अनेक कोनांच्या दगडांची, एकही फट न ठेवता बसवलेली. देऊळ ज्या सपाटीवर आहे ती हिनेच तोलून धरली आहे. जवळ गेलं की दिसतं, भिंतीवर बारीक अक्षरांत शेकडो लेख आहेत. त्यांतले बहुतेक गुलामांच्या मुक्ततेचे. मालक गुलामाला अपोलो देवाला 'विकत' असे. पैसे गुलामाचेच, पण व्यवहार देवाच्या नावाने व्हायचा, म्हणजे पुढे कुणी त्याला परत गुलाम म्हणून धरू नये. लेखात गुलामाचं नाव, किंमत, साक्षीदार. काही लेखांत अटही असते, की मालक मरेपर्यंत याने त्याच्याकडेच राहावं. राजे आणि सेनापती यांची स्मारकं वरच्या बाजूला आहेत, पण मी सगळ्यात जास्त वेळ या भिंतीपाशी होते. साध्या माणसाचं नाव दगडात टिकलेलं पाहिलं की माझा जीव तिथे अडकतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावं आहेत, तिथेही माझं असंच होतं. त्या दात्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत.

वर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा आईने विचारलं, "इथले लोक कुठे गेले?"

तिला प्राचीन ग्रीक म्हणायचे नव्हते. एवढं पाणी, एवढी ऑलिव्ह, समुद्र जवळ, अशा जागी वस्ती नाही असं होणारच नाही, हा तिचा गडावरच्या बाईचा हिशेब होता. आणि तो बरोबर होता. या सगळ्या अवशेषांच्या वर कास्त्री नावाचं गाव होतं. देवळाचे दगड त्यांच्या घरांच्या भिंतींत होते. १८७० च्या भूकंपात गावाचं नुकसान झालं, तेव्हापासून गाव हलवायची भाषा सुरू झाली. कुणी उत्खनन करायचं यावर देशादेशांत चढाओढ होती. फ्रान्सशी झालेल्या बोलण्यांत ग्रीसच्या मनुक्यांवरच्या जकातीचा विषयसुद्धा होता. शेवटी फ्रान्सच्या संसदेने पैसा मंजूर केला आणि कास्त्री उठवून साधारण एक किलोमीटर पश्चिमेला नवं गाव वसवलं. १८९२ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ थेओफिल ओमोल यांच्या हाताखाली काम सुरू झालं, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. तरी ते १९०३ पर्यंत चाललं. छोट्या रुळांवरून ढकलगाड्यांनी माती हलवली आणि गाव नाहीसं झालं.

त्या मातीतून काय निघालं ते संग्रहालयात आहे. १८९६ मध्ये सापडलेला ब्राँझचा सारथी पाहायला लोक जगभरातून येतात. पुरुषभर उंचीचा, हातात लगामांचे तुकडे, डोळे अजून जिवंत. भूकंपात दरड कोसळून तो गाडला गेला म्हणूनच कुणी वितळवून नेला नाही. देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवायला अथेन्सकरांनी बांधलेल्या कोषागाराच्या भिंतीवर अपोलोची दोन स्तोत्रं स्वरलिपीसकट कोरलेली निघाली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. म्हणजे ती चाल आजही गाता येते. कास्त्री उठलं नसतं तर यातलं काही हाती लागलं नसतं, हे मी नाकारत नाही. आज जे गाव डेल्फी म्हणून ओळखलं जातं त्याचं पोटही याच अवशेषांवर चालतं. पण गुलामांची नावं दोन हजार वर्षांनी वाचता येतात आणि कास्त्रीच्या घरांपैकी एकाचाही उंबरा त्या डोंगरावर दिसत नाही, हे मला डाचत राहिलं.

'गड मोकळे करा' म्हणणाऱ्या माझ्या भावंडांना मला सांगायचं आहे की पन्हाळा म्हणजे कास्त्री नव्हे. अपोलोचं देऊळ चौथ्या शतकाअखेर बंद पडलं. गाव त्याच्यावर नंतर वसलं आणि खाली काय आहे हे विसरूनही गेलं. गड मात्र माणसांसाठीच बांधलेला असतो. अंबरखान्यातलं धान्य कुणासाठी होतं? सोमाळे तळ्याचं पाणी कोण भरत होतं? मोरोपंतांसारखा कवी १७२९ मध्ये या गडावर जन्मला तो इथे घरं होती म्हणूनच. वस्ती हा पन्हाळ्यावरचा कचरा नाही, तो पन्हाळ्याचाच भाग आहे. काँक्रीटची, मजल्यावर मजला चढवलेली लॉज मलाही खुपतात आणि त्यांना आवर घातलाच पाहिजे. पण त्या रागात मामाचं कौलारू घर आणि ते लॉज एकाच यादीत टाकू नका. 'अतिक्रमण' हा शब्द किती सैल सुटतो आणि कुणाच्या दारात जाऊन पडतो, ते जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात आपण पाहिलं. ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांची घरं फोडली गेली, मशिदीची नासधूस झाली. गडावरचं प्रेम असं दाखवायचं नसतं.

आता 'होता तसा बांधून काढा' म्हणणाऱ्यांबद्दल. डेल्फीतलं अथेन्सकरांचं कोषागार आज उभं दिसतं ते १९०३ ते १९०६ मध्ये पुन्हा रचलेलं आहे, खर्च अथेन्स शहराने केला. हे जमलं, कारण दगड बरेचसे मूळचेच मिळाले होते आणि भिंतींवर लेख होते. एका दगडावरची ओळ पुढच्या दगडावर जुळली की जागा पक्की. रायगडावर आपल्याकडे असं काय आहे? १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी गडावर आग लागली, लाकूडकाम जळून गेलं, हातात जोती उरली. त्यांच्यावर आपण जो वाडा उभारू तो आपल्या मनातला असेल. तो महाराजांचा म्हणून नातवंडांना दाखवायला मी तरी तयार नाही.

डेल्फीच्या आधी दोन दिवस आम्ही अथेन्सला होतो. तिथल्या अक्रोपोलिस टेकडीवर पार्थेनॉन या अथीना देवीच्या देवळावर क्रेन होती आणि जुन्या मधाळ रंगाच्या खांबांत नव्या संगमरवराचे पांढरेशुभ्र तुकडे ठळक दिसत होते. आईला आधी ते ठिगळ वाटलं. मी तिला सांगितलं की दगड त्याच पेंटेली डोंगरातला आहे, आणि नवं ते नवं दिसू देतात, लपवत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या ग्रीक अभियंत्याने तिथे पुनर्रचना केली तेव्हा दगड लोखंडी पकडींनी जोडले. प्राचीन कारागीर अशा पकडींभोवती शिसं ओतत, म्हणून त्या गंजत नसत. बालानोसांच्या गंजल्या, फुगल्या आणि त्यांनी संगमरवर फोडला. १९७५ पासून एक समिती ते काम पुन्हा उकलते आहे आणि टायटेनियमच्या पकडी बसवते आहे. पन्नास वर्षं! आपल्या माणसांनी केलेली चूक मान्य करून ती इतक्या संथपणे सुधारणं, ही युरोपातली गोष्ट मला खरोखर घरी न्यावीशी वाटते. आपल्याकडे तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन टाकी उपसतात, वर्गणी काढून सागवानी दरवाजे बसवतात, त्यांच्या कष्टांपुढे मी वाकून नमस्कार करते. फक्त दरवाजावर सालाचा आकडा घाला. तो आपण बसवला हे दिसू द्या.

ग्रीसचं सगळंच घ्यावं असंही नाही. स्वातंत्र्यानंतर अक्रोपोलिसवरून त्यांनी तुर्की घरं काढली, पार्थेनॉनमधली मशीद काढली, १८७४ मध्ये तिथला मध्ययुगातला उंच फ्रँकिश बुरूजही पाडायला घेतला. पार्थेनॉन ज्याच्या काळात बांधला त्या पेरिक्लिसच्या काळाव्यतिरिक्त डोळ्यांना काही खुपू नये म्हणून. आज टेकडीवर गेलं की मधली दीड-दोन हजार वर्षं झालीच नाहीत असं वाटतं. पन्हाळ्यावर शिलाहार भोजाचा काळ आहे, तीन दरवाजावर फारसी लेख आहे, सिद्दी जौहरचा वेढा आहे, ताराराणींचा दरबार आहे, १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पाडलेला चार दरवाजा आहे. यातला एकच काळ ठेवून बाकीचे खरवडून काढले, तर शिवरायांनी हा गड कुणाकडून आणि कसा जिंकला हेसुद्धा कळणार नाही.

मग मामाने काय करायचं? त्याचं उत्तर मला ग्रीसमध्ये मिळालं नाही, मी राहते तिथे मिळालं. नेकार नदीकाठच्या एसलिंगन गावात लाकडी चौकटीची, मध्ये माती-विटांचा भराव असलेली शेकडो वर्षांची घरं आहेत. तशाच एका घरात मी भाड्याने राहते. घरमालकीण आजींना खिडक्या बदलायच्या होत्या. प्लास्टिकच्या चालणार नाहीत, लाकडी चालतील, चौकटीची जाडी एवढी हवी, असं कारणांसह लेखी उत्तर त्यांना आलं. परवानगी घेऊन केलेल्या कामाच्या खर्चावर आयकरात सवलत मिळते, तीही मिळाली. घर वारसा आहे म्हणून त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्या घरात आहेत म्हणून घर उभं आहे, असं तिथला कायदाच धरून चालतो.

आपल्याकडे केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियमित क्षेत्र, असा नियम आहे आणि २०१० पासून तो कायद्यातच आहे. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही, जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने. नियमाला माझा विरोध नाही. पण जिथे अख्खं गावच गडाच्या आत आहे तिथे मीटरच्या रेघा पुरत नाहीत. कौलं कुठली चालतील, जांभा कुठून आणायचा, चुना कसा मळायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल आणि खर्चाला हातभार कोण लावणार, हे मराठीत छापून प्रत्येक उंबऱ्यावर पोचलं पाहिजे. आणि ते ठरवणाऱ्या बैठकीत गडावरची दोन माणसं हवीत, नुसती ऐकायला नव्हे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला अंधारबाव दाखवणारा आणि तिच्याबद्दल आजोबांनी काय सांगितलं ते सांगणारा माणूस तटबंदीइतकाच जपायला हवा.

संध्याकाळी डेल्फीच्या हॉटेलातून आईने मामाला फोन लावला. सारथ्याबद्दल सांगितलं, झऱ्याचं पाणी किती गार होतं ते सांगितलं, मग कास्त्रीची सगळी हकीकत सांगितली. मामा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "त्या माणसांना नव्या गावातून जुनं गाव दिसत होतं का गं?"

आई फोन हातात धरून बाल्कनीत गेली. खाली दिवे लागलेली दरी होती, लांब समुद्र होता. ती उजवीकडे-डावीकडे वाकून पाहून आत आली.

"न्हाई रे," ती म्हणाली, "मधे डोंगराची सोंड येते."